खंबाटकीत गेलेला तिसरा सिलिंडर

टोइंगवाला फाटकातून रिव्हर्स घेत होता तेव्हाच मी गाडी ओळखली. पांढरी हॅचबॅक, १२०० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आणि बंपरच्या जाळीतून डोकावणारा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्या इंजिनाचा काडीचाही दोष नव्हता. मागच्या रिक्षातून पोरगा उतरला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे वडील. वडिलांच्या हातात कापडी पिशवी, तीत गाडीची कागदपत्रं.

“दादा, खंबाटकी घाटात धूर सोडायला लागली,” पोरगा म्हणाला. नजर जमिनीवर.

दोन वर्षांपूर्वी हाच पोरगा भोसरीतल्या माझ्या ह्याच गॅरेजात, ह्याच स्टुलावर बसला होता. मोबाइलमध्ये हिशेब करून आला होता. त्याच्या गाडीला बाजारात ३ लाख २० हजार येत होते. एक जुनी अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटची कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली पुंटो, साडेपाच लाखांना मिळत होती, म्हणजे वर २ लाख ३० हजार घालायचे. उलट टर्बो किट फिटिंगसकट १ लाख ६० हजारांत. “सत्तर हजार वाचतात दादा, आणि गाडी घरचीच राहते.” मी म्हटलं, अबार्थ घे. बिनटर्बोच्या इंजिनाला टर्बो मी लावत नाही. तो हसला, चहा पिऊन गेला आणि महिन्याभरात दुसऱ्या गावच्या एका गॅरेजातून टर्बो बसवून आला.

मला दाखवायला आणली होती. खोटं कशाला बोलू, मोशीच्या रस्त्याला एक चक्कर मारली आणि मला हसू आवरेना. तीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी अशी सुटायची की पाठ सीटला चिकटायची. ग्लव्ह बॉक्समध्ये त्याने डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद लॅमिनेट करून ठेवला होता: १३१ बीएचपी. मूळ गाडीची ताकद ऐंशीच्या घरात.

तो कागद आजही तिथेच होता.

स्टार्ट करून बघितली. चारपैकी तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरत होती. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून धुराचे फुसके यायला लागले, हात वर धरला तर धूर गरम लागत होता. हेल्परला म्हटलं, प्लग काढ आणि कॉम्प्रेशन गेज आण. सिलिंडरमधला दाब त्यावर कळतो. पहिला सिलिंडर १७२ पीएसआय, दुसरा १६८, चौथा १७०. तिसरा ५५. थोडं ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर काटा नव्वदपर्यंत चढला. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, खालचं पिस्टन-रिंगचं काम.

तिसऱ्याचा प्लग मी उन्हात धरला आणि वडिलांना जवळ बोलावलं. पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीएवढे, त्याहूनही बारीक, करडे चकचकीत कण चिकटले होते.

“हे काय आहे?”

“पिस्टन आहे, काका. वितळून उडालेला.”

इंजिनाचं वरचं हेड उतरवायला दुपार झाली. पिस्टन बाहेर आला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड बोटाच्या पेराएवढी तुटलेली. तिचा तुकडा बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दोन उभे ओरखडे पाडून गेला होता. नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकलं म्हणजे नुसत्या होनिंगवर, वरवर घासण्यावर, भागत नाही.

पोरग्याला विचारलं, घाटात नेमकं काय केलंस? साताऱ्याला लग्नाला निघाले होते. मे महिना, गाडीत चौघं, एसी चालू. पुढे ट्रकची रांग. बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रखडत गेले, मग जागा मिळाली तसा याने तिसऱ्यात पाय दाबला. एकदा नाही, चार-पाच वेळा. आवाज आला का? डब्यात खडे हलवल्यासारखा? “आला असेल दादा. गाणी चालू होती.” आणि मागे तो मोठा सायलेन्सर. त्यात काय डोंबलं ऐकू येणार.

झालं असं. टर्बो म्हणजे जास्त हवा, आणि जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. बिनटर्बोच्या गाडीचे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलच्या पिचकाऱ्या, त्या इंजिनाच्या मापाचेच असतात. याच्या गाडीत ते मूळचेच ठेवले होते आणि वर एक पिगीबॅक बसवला होता, म्हणजे मूळ ईसीयूला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, थाप मारून जास्त पेट्रोल काढून घेणारा डबा. पण इंजेक्टर पूर्ण उघडा राहिल्यावर डबा तरी आणखी कुठून आणणार? वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ पडलं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यात घाटात वाऱ्याअभावी इंटरकूलर तापलेला. त्यात इंजिनाचं मूळचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबायचं प्रमाण, चढं, कारण बिनटर्बोच्या गाडीला अॅव्हरेज त्यातूनच मिळतं. ठिणगी पडल्यावर आग शांतपणे पसरायच्या ऐवजी कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. तोच तो ठोका. प्रत्येक ठोका म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडी. मिनिटाला हजारांनी.

“पण डायनोवर तर काहीच झालं नव्हतं,” पोरगा म्हणाला.

आता, मी गॅरेज टाकण्याआधी चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीच्या टेस्ट बेडवर कंत्राटी फिटर होतो. काचेच्या आड इंजिन बांधलेलं, फुल लोडवर, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लोहाराच्या भट्टीतल्या पहारीसारखा लाल. आम्ही शिफ्ट संपवून घरी जायचो, जेवायचो, झोपायचो, दुसऱ्या दिवशी यायचो तरी ते तसंच लाल. शेकडो तास. मग उघडून एकेक रिंग मोजायची. डायनोचा एक पुल, म्हणजे एक चाचणी, दहा-बारा सेकंदांची. खंबाटकीची चढण तशी संपत नाही. त्या कागदावरचा आकडा खराच होता, फक्त तो दहा सेकंदांचा होता.

योगायोग असा की शेजारच्या लिफ्टवर त्या दिवशी एक अबार्थ पुंटोच उभी होती, टायमिंग बेल्ट बदलायला आलेली. रांजणगावला बनलेली. २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत होती. १३६८ सीसी, १४५ बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढ २१२ न्यूटन मीटर. गंमत म्हणजे तेवढ्याच सीसीचं बिनटर्बोचं इंजिन साध्या पुंटोत नव्वदच्या आसपास द्यायचं. वडील तिच्याखाली जाऊन उभे राहिले.

“म्हणजे यांनीसुद्धा टर्बोच लावला ना?”

प्रश्न चोख होता. मी बॅटरी घेतली आणि दाखवत गेलो. चारही चाकांना डिस्क. पोरग्याच्या गाडीला मागे अजून ड्रमच. गाडी साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली, स्प्रिंग वेगळ्या. क्लच त्या टॉर्कच्या हिशेबाचा. आतलं काही दिसत नाही, पण टर्बोसाठीच बांधलेल्या इंजिनाचे पिस्टन जाड कडांचे असतात, बहुतेकांत तर पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची चिळकांडी सोडून तो थंड ठेवतात. आणि ठोक्याची चाहूल लागली की ईसीयू स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी करतो. चालवणाऱ्याला गाणी बंद करायची गरज पडत नाही.

मी मॉडिफिकेशनच्या विरुद्ध नाही, माझं पोट त्यावर चालतं. कंपनीच्या टर्बो गाडीचा रिमॅप, म्हणजे ईसीयूतल्या सेटिंगमधला बदल, मी आनंदाने करतो, कारण कंपनीने तिथे हात राखून ठेवलेला असतो. साध्या गाडीला चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, नीट शॉकअप टाकले तर ती घाटात भल्याभल्यांना मागे टाकते. हे ऐकायला मात्र कोणी येत नाही. ब्रेक पॅडचा आवाज टर्बोसारखा ‘प्स्स’ असा येत नाही ना.

मग खर्चाचा विषय निघाला. पोरगा आधी टाळत होता, पण मला काय काय बदललंय ते कळायला हवं होतं, म्हणून त्याने मोबाइल काढला आणि वाचायला लागला. किट आणि फिटिंग १ लाख ६० हजार. पिगीबॅक आणि ट्यूनिंग ४८ हजार. क्लच घसरायला लागला म्हणून क्लच, २६. अलॉय आणि टायर ६२. पाइप सुटणं, गळती, रेडिएटरचा पंखा, किरकोळ, १९. एकूण ३ लाख १५ हजार.

वडील पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते ते थांबले. त्यांना फक्त पहिला आकडा माहीत होता. तोही अर्धा, असं नंतर कळलं. हेल्परने उगाच एक पाना उचलला आणि बाहेर गेला. मी हेडवरचा कार्बन खरवडत बसलो. अशा वेळी कार्बन फार उपयोगी पडतो.

“इन्शुरन्समधून काही?” वडिलांनी बऱ्याच वेळाने मला विचारलं, पोराला नाही.

म्हटलं, काका, इंजिन असं आतून गेलं तर साधा इन्शुरन्स तसाही देत नाही. आणि ह्या गाडीचं तर नावच काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. अपघात झाला असता आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं असतं तर तुमचा क्लेम तिथेच अडकला असता.

दोन रस्ते सांगितले. एक, फोर्ज्ड म्हणजे घडीव, जास्त मजबूत पिस्टन, मोठे इंजेक्टर, नीट ईसीयू, म्हणजे वर आणखी अडीच-तीन लाख, आणि ते मी करणार नाही. दुसरा, जुन्या बाजारातून चांगलं हाफ इंजिन, म्हणजे खालचा अर्धा भाग, बघतो, सगळी नळकांडी काढून गाडी मूळ करून देतो. पोरग्याने तोंड उघडलं होतं, पण वडील आधी बोलले. “मूळ करा.”

गाडी तेरा दिवसांनी गेली. टर्बो विकून टाक म्हटलं होतं, चाळीस हजार तरी येतील. त्याने तो कालच्या पेपरात गुंडाळून डिकीत ठेवला. तुटका पिस्टनही मागून घेतला.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पोरगा रिक्षा बघायला गेटवर गेला होता. अबार्थ लिफ्टवरून खाली आली होती, दार उघडं होतं. वडिलांनी मला विचारलं, बसू का जरा? बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

“जड आहे हो,” म्हणाले, “माझ्या गुडघ्याला झेपायचा नाही.” आणि दाराला धरून सावकाश उतरले.