चौदा महिन्यांचा म्हातारा

माझा लॅपटॉप चौदा महिन्यांचा आहे. त्याच्यावर अजून एक चराही उमटलेला नाही आणि कळफलकावरचे एकही अक्षर पुसट झालेले नाही; तरीही त्याच्याच पुढच्या पिढीचे मॉडेल आल्याचे वाचले, त्या संध्याकाळपासून तो मला संथ वाटू लागला. मोठी फाइल उघडायला लागणारे चार सेकंद आदल्या दिवशीही लागतच होते, पण तेव्हा ते मी मोजत नव्हते.

एका चिपवरील घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल, असा अंदाज पुढे इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला आणि १९७५ मध्ये तो दर दोन वर्षांनी दुप्पट असा सुधारून घेतला. या सुधारित हिशेबाने माझ्या यंत्राच्या वयात दुपटीचा एक फेरासुद्धा पूर्ण होत नाही. पण हाव असे हिशेब ऐकत नसते, म्हणून मी रीतसर पुरावा गोळा करायचे ठरवले आणि नेहमीची कामे चालू ठेवून, कोणता प्रोग्राम यंत्राची किती ताकद खातो हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला.

पुरावा माझ्याच विरुद्ध निघाला. ज्याच्या नव्या पिढीवर माझा डोळा होता, तो प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर जवळजवळ झोपलेला होता, आणि ८ जीबी मेमरी, म्हणजे चालू कामे हाताशी ठेवणारी रॅम, मात्र काठोकाठ भरली होती. मेमरीत जागा उरली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम लगेच न लागणारा मजकूर एसएसडीवर, म्हणजे फाइली कायमच्या साठवायच्या जागेत, नेऊन ठेवते आणि मागितला की परत आणते. रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात आणि एसएसडीचा त्याच्या हजारपट मोठ्या मायक्रोसेकंदांत, त्यामुळे या ने-आणीत यंत्र अडखळते. आता ही मेमरी खाल्ली कोणी, हे पाहू गेले तर यादीत सर्वांत वर ब्राउझर होता. त्यात सदतीस टॅब उघडे होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक नव्या लॅपटॉपांची तुलना करणारे होते, हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे.

तरीही मन सहजासहजी हटेना. बॅटरीचा अहवाल काढला, तर मूळ क्षमतेच्या ९२ टक्के शिल्लक. तिथेही तक्रारीला जागा नव्हती. मग रॅम वाढवता येते का, हे पाहिले. अनेक पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते आणि विकत घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत राहते. माझ्यात सुदैवाने एक जागा रिकामी आहे. मात्र तिथे डीडीआर४ या पिढीच्याच रॅमची पट्टी बसते, कारण पुढच्या पिढीच्या डीडीआर५च्या पट्टीची खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे ती आत जातच नाही. दुसरी पट्टी बसली की प्रोसेसर दोन मार्गांनी मेमरीशी बोलू शकतो, आणि ग्राफिक्सचा भारही तीच मेमरी वाहत असेल तर हा लाभ विशेष जाणवतो. नव्या यंत्राच्या मोहापेक्षा हा मोह मला अधिक सभ्य वाटला.

बारीक स्क्रू-ड्रायव्हर शोधून टेबलावर ठेवला आहे. पट्टी मात्र अजून मागवलेली नाही, कारण तुलनेचे ते सगळे टॅब बंद केल्यापासून मेमरीचा आकडा पाच जीबीच्या वर गेलेला नाही.