वेंगुर्ल्यात दोन दिवस

"तेलाचो हात लावल्याशिवाय काजीक शिवूचा नाय," मावशी म्हणाल्या आणि स्वतःची बोटं पुढे केली. टोकं काळी, नखांच्या कडा सोललेल्या. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. वेंगुर्ल्यातला हा लहानसा कारखाना. वाफवून रात्रभर गार केलेली बी पात्यात धरायची, पायाने दांडी दाबायची, टरफल दुभंगलं की टोच्याने गर उचलायचा. पुढे गर भट्टीत सुकतो आणि मग आतली लालसर साल सुरीने काढतात. तुकडा पडला की भाव पडला. दुकानात '३२०' असा नंबर दिसतो, तो एका पौंडात बसणाऱ्या अख्ख्या गरांचा. आकडा जितका लहान तितका गर मोठा, हे मला चाळिशीत कळलं!

काजू आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी, ब्राझीलहून. इथल्या फळ संशोधन केंद्राने (स्थापना १९५७) 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जाती दिल्या, त्यामुळे गावाचं नाव आता बागायतदारांच्या तोंडी असतं. पण कारखान्याच्या कोपऱ्यातली पोती आफ्रिकेतली होती. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. आफ्रिकेतली बी जहाजानेच येते, पण वेंगुर्ल्याला नाही. दुसऱ्याच कुठल्या बंदरावर उतरते आणि ट्रकने इथे पोचते.

बंदरावर गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं. सतराव्या शतकात, आदिलशाहीच्या काळात, डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद हवी होती, ती इथून मिळे. त्या वखारीच्या आज भिंती उरल्यात, छप्पर नाही. चिऱ्यांच्या फटीत मुळं शिरलीत. मी आत डोकावलो आणि कुत्रं अंगावर आलं, तेव्हा इतिहास तिथेच सोडला.

१८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीचं हे बंदर झालं. पलटणी इथे उतरायच्या, घाटावरचा माल इथे यायचा. मग १८८० च्या दशकात गोव्यातल्या मुरगावहून घाटावर रेल्वे गेली आणि माल तिकडे वळला. माणसं मात्र बोटीनेच जात-येत राहिली. माझी आजी मुंबईहून बोटीने यायची. बोट आत समुद्रात थांबे, तिथून होडीत उतरायचं, ट्रंक डोक्यावर आणि जीव मुठीत. पावसाळ्यात बोट बंद. ती सेवा कायमची थांबली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही वेंगुर्ल्याला टाळूनच. मीसुद्धा कुडाळला उतरून एसटी धरली.

सकाळी उभादांड्याला रापण ओढत होते. दोन्ही बाजूंना दोर, मधे लांबच लांब जाळं, आणि वाळूत पाय रोवलेली पंचवीसेक माणसं. मीही दोर धरला. पाच मिनिटांत तळहात लाल. जाळं किनाऱ्याला आलं तर त्यात तारले, थोडे बांगडे आणि बरीचशी केंड, म्हणजे फुगणारे, न खायचे मासे. "पर्ससीनवाले भायरच गाळून नेतत," एक म्हातारे रापणकर म्हणाले. पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटीतून टाकायचं, माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं. तरी वाटे पडले: होडीचा, जाळ्याचा, मग ओढणाऱ्यांचे. मी नको नको म्हणत असताना पाच बांगडे पिशवीत घातले. दोर धरला म्हणजे वाटा आलाच.

दुपारी खानावळीत ते तळून मागितले. बाईंनी तळण्याऐवजी तिरफळाचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, केलं आणि तळायचे पैसे घेतले नाहीत.