स्पीकर बंद केल्यानंतरची दुपार

साताऱ्यातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात मी परिचारिका आहे. गेल्या गाळप हंगामात बीडकडून ऊसतोडणीला आलेल्या एका बाईचे बाळ आमच्याकडे दाखल होते. त्याच्या बाबतीत एका दुपारी मी जे पाहिले, त्याचा अर्थ कसा लावावा हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बाळ गर्भारपणाच्या २९ आठवड्यांनीच जन्मलेले, जन्मवजन १०८० ग्रॅम. श्वासयंत्र सुटले होते, नळीने दूध पचत होते, पण श्वास थांबू नये म्हणून देतात ते कॅफिनचे औषध चालू असूनही श्वास मधेच थांबे. अलार्म वाजला की तळव्याला टिचकी मारायची आणि बाळाने पुन्हा श्वास घेतला की नोंद करायची, असे प्रत्येक पाळीत चाले.

त्याच सुमारास व्यवस्थापनाने कक्षात स्पीकर बसवला आणि त्यावर दिवसभर संतूर व बासरीचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. हेतू चांगलाच होता. मात्र कक्षात मुळात किती आवाज आहे, हे स्पीकर लावायचे ठरवणाऱ्यांपैकी कोणी तिथे उभे राहून ऐकलेले नव्हते. इनक्युबेटरच्या टपावर सलाइनची बाटली जरा जोरात ठेवली, तर आतल्या बाळासाठी तो ढोलावरचा टोला असतो. झडप आपटून लावली तरी तेच. त्यात मोटरची घरघर, पंपांचे अलार्म आणि पाळी बदलतानाच्या आमच्या गप्पा. अशा कक्षातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाणे चिंतेचे आहे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच सांगितले होते. आवाज सोसेनासा झाला की अपुऱ्या दिवसांचे बाळ रडत नाही, कारण रडण्याइतकी ताकदच त्याच्याजवळ नसते. ते हाताची बोटे फाकवते, उचक्या देते, जांभया देते, कातडीवर जाळीसारखे डाग उमटतात आणि मग सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण, उतरते. जांभई पाहून नातेवाईक म्हणतात, संगीताने झोप आली. आमचे काही निवासी डॉक्टरही तसेच म्हणतात, याचे मला वाईट वाटते.

त्या दुपारी आई कांगारू काळजीसाठी, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून घेऊन बसण्यासाठी, आली. वरिष्ठ डॉक्टरांची परवानगी घेऊन मी स्पीकर बंद केला, दिवे मंद केले आणि बाळाला तिच्या छातीवर उभे ठेवले. मान किंचित मागे, तोंड एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले. मान पुढे झुकली तर श्वासनलिका दाबली जाते, म्हणून या एका गोष्टीसाठी मी दोनदा बांधणी सोडून पुन्हा करते. मग तिला म्हटले, “हळू आवाजात काही म्हण.” ती लाजली. “मला न्हाई गाणं येत, ताई,” म्हणाली. थोड्या वेळाने तिने जात्यावरची ओवी धरली, जवळजवळ पुटपुटत, एकाच पट्टीत.

बांधणी केल्यावर बाळाचे ठोके १७० वरून १६० वर आले होते. ओवी सुरू झाल्यावर ते १४८ च्या आसपास स्थिरावले, सॅच्युरेशन ९४ वर राहिले आणि फाकलेली बोटे मिटली. मधे पाणी पिण्यासाठी ती थांबली तेव्हा ठोके चढले; पुन्हा म्हणू लागली तेव्हा उतरले. संध्याकाळपर्यंत श्वास एकदाही थांबला नाही.

डॉक्टरांचे म्हणणे, हा त्वचेच्या स्पर्शाचा परिणाम आहे, शिवाय कॅफिनची मात्रा आदल्या दिवशीच वाढवली होती. दोन्ही मुद्दे खरे आहेत. एका बाळाच्या एका दुपारवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. पण पाणी पिताना बाळ छातीवरच होते आणि औषधही तेच होते, म्हणून तेवढ्या काही मिनिटांपाशी माझे मन अडून राहते. न्यूयॉर्कच्या संगीतोपचारक जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतील २७२ बाळांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पालकांनी निवडलेले गाणे अंगाईच्या चालीत प्रत्यक्ष गायले जात होते आणि प्रशिक्षित संगीतोपचारक बाळाकडे पाहून लय सांभाळत होते. भिंतीवरच्या स्पीकरला बाळाची बोटे दिसत नाहीत. गर्भातही आईचा आवाज आणि खालचे सूरच नीट पोहोचतात, वरचे सूर बरेच दबतात; त्यामुळे तार सप्तकातील बासरीपेक्षा ही ओवी बाळाला ओळखीची वाटली असेल, असे मला वाटते.

आता दुपारी दोन ते चार स्पीकर बंद असतो आणि त्या वेळात मातांना खुर्च्या मिळतात. प्रश्न उरतो तो ज्यांच्या आया येऊ शकत नाहीत त्या बाळांचा. ऊसतोडीच्या बायकांना खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, तर काही माता स्वतःच अतिदक्षता विभागात असतात. त्यांचा आवाज मुद्रित करून अगदी हळू ऐकवावा, असे माझे मत आहे. वरिष्ठ सिस्टरांना मात्र भीती वाटते की त्याचाही लवकरच दिवसभर चालणारा स्पीकर होईल. त्यांची भीती मला खोटी म्हणता येत नाही. आवाज मोजण्याचे यंत्र मिळाल्याशिवाय असे ध्वनिमुद्रण सुरू करायचे नाही, एवढ्यावर आमचे एकमत झाले असून त्या यंत्राच्या मागणीचा अर्ज मी दिला आहे.