रात्री आठ ते दहा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा शाळेबद्दल भरभरून लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसले आणि मराठीच्या बाईच आठवत राहिल्या. कुठल्या बाई, हे आपल्या शाळेत सांगायला नको.

फेब्रुवारी २०१९. आम्ही नववीत. समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' लागला होता. बाईंनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून अख्खा वर्ग भारतमाता थिएटरला नेला. लालबागची पोरं आम्ही, भारतमाता म्हणजे घरचंच. मध्यंतरात वडे, मागून शिट्ट्या, सगळं रीतसर झालं. बाहेर पडताना मुलींचं एकमत होतं, नवरा असावा तर गोपाळरावांसारखा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एवढंच विचारलं, "शिकायचं कुणाला होतं? त्याला की तिला?"

त्याला, सगळे ओरडले. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून हात उगारणारा तोच की. बाई म्हणाल्या, "त्या माराबद्दल आनंदीबाईंनी पुढे पत्रातून नवऱ्याला सुनावलंय. मग डॉक्टर व्हायचं तिच्या मनाने कधी घेतलं?" कुणीतरी म्हणालं, बाळ गेलं तेव्हा. "हो. दहा दिवसांचं बाळ. आणि ती चौदा वर्षांची, तुमच्याएवढी."

मागच्या बाकांवरची खुसखुस थांबली.

१८८३ साली आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. बावीसही पूर्ण नव्हती. सिनेमात गोपाळरावांना झुकतं माप मिळालंय, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. बाईंना ते पटायचं नाही. तो नसता तर ती कल्याणातच राहिली असती, म्हणायच्या.

निबंधाला विषय दिला, 'घरात अभ्यासाची जागा'. मी खरं ते लिहिलं. खोली एक, टेबल एक, ते दादाचं. माझा अभ्यास भांडी घासून झाल्यावर, मोरीच्या कट्ट्याला टेकून.

शनिवारी बाई चाळीत हजर! आईची धावपळ. चहा होईपर्यंत बाई टेबलाकडेच बघत होत्या. पप्पा म्हणाले, "बाई, आम्ही काही सांगत नाही हो, ती कामं आपणहून करते."

"मग अभ्यासही आपणहून करते का बघू. रात्री आठ ते दहा टेबल तिला द्या. भांडी दादा घासेल."

दादा अजून सांगतो, त्याला वाटलं बाई थट्टा करताहेत. पहिले काही दिवस त्याने भांडी अशी आदळली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. बाई दर सोमवारी वर्गात फक्त विचारायच्या, "टेबल मिळतं ना?"

आमची बॅच २०२० ची, भूगोलाचा पेपर रद्द झालेली. पुढे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आता प्रसूती विभागात स्टाफ नर्स आहे. दादा लग्नानंतरही भांडी घासतो, वहिनी त्याचं श्रेय मला देते.

शाळेसमोर टॉवर आलेत, आणि आपल्या तुकड्या कमी होत चालल्यात हे ऐकून वाईट वाटतं. चाळीतल्या मुली आता इंग्रजी शाळेत जातात. जाऊ देत, पण त्यांच्या घरी टेबल बघायला कोण जातं?

समारंभात बाईंचा सत्कार ठरला असेल तर शाल-श्रीफळ देऊ नका, त्या घेणार नाहीत. आणि तारीख लवकर कळवा. नाइट ड्युटी बदलून घ्यायला आमच्या सिस्टरांना आधी सांगावं लागतं.