घरच्या गाडीकामासाठी कॉम्प्रेसर निवडताना

गाडीची किरकोळ कामे घरीच करायचे ठरवून मी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत साठवणारे यंत्र, पाहू लागलो, तेव्हा प्रत्येक दुकानदार टाकीचे लिटर आणि मोटरचा हॉर्सपॉवर सांगत होता. खरे तर ९० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबावर यंत्र मिनिटाला प्रत्यक्ष किती घनफूट हवा देते, म्हणजेच त्याचा सीएफएम किती, हे आधी विचारावे. टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा भरायला २४ लिटरची टाकी सहज पुरते. पण चाकाचे नट सोडवणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या अर्धा इंची इम्पॅक्ट गनला साधारण ४ ते ५ सीएफएम लागतात आणि लहान यंत्राचा दाब काही नटांतच उतरतो. तेवढ्यासाठी मोठे यंत्र घेण्यापेक्षा लांब दांड्याचा पाना बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर टाकी नीट तपासावी. गेल्या पावसाळ्यात मी टाकीखालचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडला, तेव्हा फरशीवर तांबूस पाण्याची धार लागली. दाबलेल्या हवेतील बाष्प थंड होऊन आत साचते, पत्रा आतून गंजतो आणि अशी टाकी दाबाखाली फुटू शकते. म्हणून गंजलेली टाकी कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये.