कोपलंड प्रकल्प: हाय-हॅटचा एको अखेर जागेवर

मंडळी, जमलं! 'द पोलीस' बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड याच्यासारखं वाजवायच्या माझ्या खटाटोपात, 'वॉकिंग ऑन द मून' गाण्यातला हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) एको अखेर काला न होता वाजला. ऑक्टोबनचे (अरुंद, लांब नळीसारख्या ड्रम्सचे) फोटो टाकतो म्हणालो होतो, ते आज नाहीत. सगळा वेळ या एकोनेच खाल्ला.

१९७९ चं ते रेकॉर्डिंग आपण सगळ्यांनी उगाळून ऐकलंय. स्टुअर्ट कोपलंडची काठी हाय-हॅटवर पडते त्याहून जास्त ठोके कानावर येतात, कारण उरलेले एको वाजवतो. सरावासाठी मी मेट्रोनोम १४० वर ठेवला. म्हणजे एक मात्रा साधारण ४२९ मिलिसेकंद, तिचा पाऊण भाग ३२१. एको पेडलवर (आवाज ठरावीक उशिराने परत वाजवणाऱ्या गिटारच्या डबीवर) ३२१ लावायचं, हाय-हॅटवर नुसत्या सरळ मात्रा द्यायच्या, की एको पुढच्या मात्रेच्या पाव अलीकडे पडतो, त्याच्यामागचा दुसरा दोन मात्रांच्या बरोबर मध्ये. कागदावर अगदी सोपं.

प्रत्यक्षात माइकने छळलं. हाय-हॅटवर लावलेला माइक स्नेअरची क्रॉस-स्टिकही (काठी आडवी ठेवून कडेवर मारलेला ठोका) इमानेइतबारे उचलतो, आणि मग तिसऱ्या मात्रेवरचा तो कोरडा 'टक्' तीन-तीनदा ऐकू येतो. वन-ड्रॉपचा (पहिली मात्रा रिकामी सोडणाऱ्या रेगे ठेक्याचा) जीवच त्या एकट्या 'टक्'मध्ये, तो दुमदुमला की सगळं मुसळ केरात. माइक फिरवला, त्याची पाठ स्नेअरकडे केली, स्पीकर बंद करून हेडफोन घातले (निदान एकोचा एको थांबला). नॉइज गेट (हळू आवाज अडवणारं यंत्र) लावून पाहिला, तर क्रॉस-स्टिकला तोही दार उघडून मोकळा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'खास हाय-हॅटसाठी' म्हणून क्लिपवाला माइक मागवला. तो क्लिपसकट इतका हलतो की त्याचाच शेकर म्हणून उपयोग व्हावा. पैसे परत मिळण्याची आशा सोडा.

शेवटी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली तपकीर गल्ली पावली. बझरमधली पिएझो चकती (हवेतला आवाज नाही, चिकटलेल्या वस्तूची थरथर पकडते), किंमत चहा-बिस्किटांएवढी. खालच्या झांजेच्या पोटाला, बेलच्या जवळ, कापडी टेपने चिकटवली. वरची झांज मोकळी राहते, आवाज दबत नाही. पिएझोला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त लागतो, गिटार पेडलच्या इनपुटला तो असतोच, त्यामुळे मधे प्रीअँपही नको. पेडलचा मिक्स पूर्ण वेट, म्हणजे नुसता एको, तेवढंच मिक्सरमध्ये. चकतीचा आवाज पत्र्यासारखा किरकिरा येतो खरा, पण टोन खाली केला की जुन्या टेप एकोसारखा मऊ होतो. क्रॉस-स्टिक जवळजवळ गायब!

मग खरा पेपर सुरू झाला. एको तुमच्यासाठी थांबत नाही. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) जरा पुढे धावली की सगळं फ्लॅम, एकाऐवजी दोन चिकटलेले ठोके. मला हात आवरेना, मधल्या जागा दिसल्या की भरायची सवय. बॉब मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेटच्या ट्रॅकवर नुसता हाय-हॅट वाजवत बसलो, पहिली मात्रा किकशिवाय जाऊ द्यायची एवढंच. तिथून परत आलो तेव्हा एको घड्याळासारखा वाटायला लागला, त्यावर टेकता येतं. आता माझं ठाम मत आहे की कोपलंडला आपण 'बिझी' म्हणतो ते अर्धंच खरं. पंकची घाई त्याच्या मनगटात आहे, पण जागा कुठे सोडायची हे त्याला पोरवयातच कळलं असावं. कैरो-बैरुतमध्ये वाढलेला माणूस. अरबी तालातही पहिल्या मात्रेला असंच टाळतात आणि रेगे म्हणून ओळखीचा वाटला, असं त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. नुसतं लंडन, १९७७ आणि पंक क्लबात वाजणाऱ्या रेगे तबकड्या एवढ्यावर ते भागत नाही.

स्नेअरचा सूर मात्र मी अजून वर चढवलाय. मिरवणुकीतल्या ताशासारखा कडक लागला की समजायचं जवळ आलो. टामा कंपनीचा कोपलंडच्या नावाचा १४ × ५ पितळी स्नेअर सुंदरच आहे, पण माझा जुना स्टीलचा वरचं हेड (पडदा) ताणल्यावर सत्तर टक्के तिथे पोचतो. उरलेल्या तीस टक्क्यांसाठी तेवढे पैसे मी मोजणार नाही.

आता ऑक्टोबन. व्यास ६ इंच म्हणून पीव्हीसी पाइप बघितला: १६० मिमीवर ६ इंची हेड बसतच नाही, १४० वर सैल पडतं. १४० ला बाहेरून सनमायका गुंडाळायचा बेत होता. पण हे लिहिताना वाटतंय, तो कशाला? उरलेल्या पिएझो चकत्या टॉमला लावून तिथेही एको सोडला तर? मधल्या फिल्स (ठेक्यामधल्या भरणीचे तुकडे) आपोआप लांबतील. ऑक्टोबन दिवाळीनंतर.

त्याआधी एक अडचण सोडवायचीय: डावा पाय हाय-हॅटवर, उजवा किकवर, एको पेडल बंद-चालू करायला पायच उरत नाही. सध्या ते फ्लोअर टॉमशेजारी स्टुलावर ठेवून काठीच्या बुडाने ठोकतोय, पण त्याचा स्विच दुखावला जाणार. कुणी बाहेरून मोठा स्विच जोडलाय का? वायरिंगचा फोटो असेल तर टाका.