दुसऱ्या आणि तिसऱ्याच फाइलीचं दुखणं

बाईंच्या तक्रारी नेमक्या असतात. "पहिल्या घटकाची फाइल ठीक आहे. चौथ्याची, पाचव्याची ठीक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकाच्या फाइली तुमच्या त्या पोराने कालच टाकल्यात, तरी हा मेला गिट म्हणतोय, मी यांना ओळखतच नाही."

बाई म्हणजे आमच्या आशय विभागाच्या प्रमुख. पुष्कळ वर्षं शाळेत शिकवून मग आमच्याकडे आल्या, म्हणून सगळं ऑफिस त्यांना बाईच म्हणतं. मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांसाठी आम्ही उजळणीचं ॲप बनवतो. त्यातले धडे साध्या मजकुराच्या फाइलींत असतात आणि त्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. फाइलींची नावंही मराठीत, हा बाईंचा हट्ट. "दुसऱ्या-घटकाची-उजळणी" असं नाव असलं की फाइल न उघडता कळतं, युनिट-टू-रिव्ह-फायनल-फायनल वाचून कुणाला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं आणि ते मला पटतं.

बाईंना नवा मॅक मिळाला होता. त्यावर गिट बसवेपर्यंत काम अडू नये म्हणून त्यांनी फाइलींची झिप करून पाठवली आणि नांदेडहून काम करणाऱ्या आमच्या ज्युनियरने ती त्याच्या उबंटूवर (म्हणजे लिनक्सवर) उघडून कमिट केली, म्हणजे गिटमध्ये नोंदवली. दुसऱ्या दिवशी बाईंनी रेपो, म्हणजे फाइली आणि त्यांच्या इतिहासाचा सामायिक साठा, क्लोन केला (मॅकवर उतरवून घेतला), गिट स्टेटस ही कमांड दिली, तर त्या दोन फाइली अनट्रॅक्ड. म्हणजे फाइल डिस्कवर आहे, पण गिटच्या वहीत तिची नोंद नाही. आम्ही शिकवल्याप्रमाणे बाईंनी केलं: ॲड, कमिट आणि पुश, म्हणजे बदल सामायिक रेपोत पाठवणं. कोणीही तेच केलं असतं.

दुपारी टेस्टिंगवाल्याने स्क्रीनशॉट टाकला. ॲपमध्ये दुसऱ्या घटकाची उजळणी दोनदा, तिसऱ्याचीही दोनदा. रेपोत पाहिलं तर खरंच एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन-दोन फाइली. नाव तेच, मजकूर तोच. ज्युनियरने विचारलं, "ताई, एकेक उडवू का?" मी हो म्हटलं. त्याने जुन्या दोन्ही उडवल्या, पुश केलं आणि आम्ही चहाला गेलो.

परत येते तो बाईंचा फोन. "अगं, मी फक्त पुल केलं. माझ्या फाइली गेल्या." पुल म्हणजे इतरांचे नवे बदल आपल्याकडे ओढून घेणं.

एक ठेवून एक काढली होती, मग दोन्ही कशा जातील? बाईंच्या मॅकवर स्टेटस सांगत होतं की फाइल डिलीटेड आहे. बाईंनी ती काढलेली नव्हती. इतिहासात सगळं शाबूत होतं, त्यामुळे मजकूर गेल्याची भीती नव्हती. पण जे चाललंय ते कळत नाही तोवर काहीही परत आणण्यात अर्थ नव्हता. बाईंना म्हटलं, आता कशालाच हात लावू नका, विशेषतः कमिटला.

मी माझ्या मशीनवर आधीच्या कमिटमधली फाइलींची यादी काढली. दोन ओळी, अक्षरशः सारख्या. डोळे बारीक करून पाहिलं, फॉन्ट मोठा करून पाहिलं. शेवटी एखादी मोकळी जागा असेल म्हणून तेही तपासलं. काही नाही. तेवढ्यात ज्युनियर म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर नावं दिसतच नाहीत, नुसते आकडेच येतात. पण दोन्ही ओळी सारख्या नाहीयेत. एक लांब आहे."

त्याने स्क्रीन शेअर केली. मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर गिट इंग्रजीबाहेरचं कुठलंही नाव थेट दाखवत नाही. अवतरणचिन्हांत, तिरप्या रेघांसह, अष्टमान पद्धतीतले (० ते ७ याच अंकांत लिहिलेले) बाइट, म्हणजे अक्षरं साठवणारे आकडे, छापतं. देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पडद्यावर ३४०, २४४ यांचा नुसता पाऊस. मराठी नावं वापरणारा प्रत्येक जण याला वैतागतो आणि कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग बंद करतो. मीही बंद केलं होतं. या पोराला ते माहीत नव्हतं, आणि म्हणून पुरावा त्याच्या पडद्यावर होता.

दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून आम्ही बोट लावत गेलो. द सारखा. उकार सारखा. स सारखा. मग एका ओळीत ३४० २४४ २६१, आणि दुसरीत ३४० २४४ २६०, पाठोपाठ ३४० २४४ २७४. पुढे पुन्हा सगळं सारखं. 'दुसऱ्या' एका नावात एकवीस बाइटांचं, दुसऱ्यात चोवीस.

२६१ वाला बाइट म्हणजे ऱ. दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्या, पायऱ्या यांच्यात जो डोक्यावर न चढता मध्येच आडवा होतो, तो र. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, त्याला स्वतंत्र जागा आहे, ०९३१. मुळात ही जागा द्राविडी भाषांतल्या एका र साठी, पण तिचं अर्धं रूप म्हणजेच आपला हा आडवा र. आणि या ऱ चं आणखी एक अधिकृत रूप आहे: साधा र, ०९३०, आणि त्याखाली नुक्ता (टिंब), ०९३C. हे क्रमांक सोळाच्या पद्धतीतले, म्हणून शेवटी अक्षर. दोन्ही लेखनं युनिकोडच्या दृष्टीने समान. पहिलं जोडलेलं, दुसरं सुटं केलेलं. आता पहिल्या, चौथ्या, पाचव्या यांत ऱ नाही. बाईंनी सकाळी सांगितलेलं लक्षण किती नेमकं होतं ते तेव्हा डोक्यात शिरलं.

(आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना असं दुसरं रूप नाही. बंगालीत ओकाराचीही फोड होते, तमिळमध्येही. रोजच्या मराठी लेखनात हा उपद्रव या एकाच अक्षरापुरता. म्हणूनच इतकी वर्षं मराठीत काम करूनही मला तो कधी भेटला नव्हता.)

सुटं रूप कोणी केलं? मॅकने. १९९८ पासून चालत आलेल्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक नाव फोडून साठवलं जायचं. २०१७ मध्ये मॅकवर तिच्या जागी एपीएफएस आली. ती नाव दिलं तसं ठेवते, पण फाइल शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. आणि मॅकवरचे बरेच प्रोग्राम आजही फाइल तयार करताना नाव फोडूनच देतात. बाईंच्या झिपमध्ये ती फोडलेली नावं होती. लिनक्सला याचं काही सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची रांग, आणि गिटच्या लेखीही तेच. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने गिट लिहिलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी), तिथलाच स्वभाव त्यात उतरला.

मग मॅकवाल्यांसाठी २०१२ मध्ये, १.७.१२ या आवृत्तीत, गिटमध्ये एक सेटिंग आलं: कोअर डॉट प्रीकंपोझ-युनिकोड. मॅकवर गिट फोल्डर वाचतं तेव्हा फोडलेली नावं जोडून घेतं, म्हणजे रेपोत सगळीकडे जोडलेलं रूप जावं. हेतू उत्तम. पण आमच्या रेपोत फोडलेलं नाव उबंटूवरून आधीच शिरलेलं होतं. बाईंच्या मॅकवर गिटने डिस्क वाचली, नाव जोडलं, वहीत शोधलं. वहीत फोडलेलं. म्हणून अनट्रॅक्ड. बाईंनी ॲड केल्यावर वहीत दोन नोंदी झाल्या, पण मॅकच्या डिस्कवर फाइल एकच, कारण मॅकला ती दोन नावं एकच वाटतात. ज्युनियरने एक नोंद काढली. बाईंनी पुल केलं, गिटने इमानदारीने ती फाइल पुसली, आणि डिस्कवर तर ती एकच होती.

फोनवर हे सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे एका मुलाची हजेरीत दोन नावं लागली आणि एकाला शाळेतून काढल्यावर मूलच गेलं." माझ्या अर्ध्या तासाच्या स्पष्टीकरणापेक्षा हे बरं होतं.

गिटच्या दर आवृत्तीबरोबर बदलांची लांबलचक टिपणं येतात. नव्या सोयी वर, आणि खाली दुरुस्त्यांचा भलामोठा ढीग: अमुक कमांड तमुक परिस्थितीत चुकत होती, ते सुधारलं, अमुक पानावरचं वाक्य स्पष्ट केलं. तो भाग मी वर्षानुवर्षं अंगठ्याने सरकवत आले. त्या संध्याकाळी 'मॅक' आणि 'युनिकोड' शोधत मागे मागे गेले, तर या एका सेटिंगचा माग कुठवर जातो ते दिसलं. २०१२ ला काम झालं असं नाहीच. २०२१ मध्ये पुन्हा दुरुस्ती: ज्या फोल्डरमध्ये उभं राहून कमांड देता त्या फोल्डरच्याच नावात असं अक्षर असेल तर ते जोडायचं राहून जात होतं. कोणीतरी आपल्या भाषेतल्या नावाच्या फोल्डरमध्ये उभं राहून बुचकळ्यात पडलं असणार, आणि नुसतं वैतागून न थांबता ते कळवलं असणार.

कागदपत्रांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गिट कॉन्फिगच्या पानावर या सेटिंगचा उतारा आहे. छोटा आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे: हे फक्त मॅकवर लागू, मॅकने केलेली नावांची फोड गिट उलटवतं, लिनक्स किंवा विंडोजबरोबर रेपो वाटून घेताना उपयोगी. बाईंना मी तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यात माझी फाइल का गेली ते कुठे आहे?" नाहीच. सेटिंग काय करतं ते लिहिलंय. फोडलेलं नाव आधीच रेपोत असलं तर काय दिसेल, ते नाव कसं बदलायचं, आणि मॅकवर बसून त्या जुळ्यांतलं एक काढायला का जाऊ नये, यातलं काही नाही. सेटिंगचं नाव ठाऊक असलेल्यालाच तो उतारा सापडतो, आणि ज्याला नाव ठाऊक आहे त्याला त्याची फारशी गरज नसते. बदल करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण कागदपत्रांतल्या 'स्पष्ट केलं' या नीरस नोंदींची किंमत मला त्या दिवशी नव्या सोयींपेक्षा जास्त वाटली.

दुरुस्ती लिनक्सवरूनच करायची हे ठरलं. मॅकवर दोन्ही नावं एकच, तिथे नाव बदलायला गेलं की पुन्हा गोंधळ. ज्युनियरने छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली: रेपोतलं प्रत्येक नाव जोडलेल्या रूपात आणायचं, वेगळं निघालं तर गिट एमव्ही, म्हणजे गिटमधूनच नाव बदलायचं. 'पायऱ्यापायऱ्यांनी-भागाकार' आणि 'वाऱ्याची-दिशा' याही फाइली त्यात सापडल्या, त्या उद्यापरवा रुसल्याच असत्या. बाईंनी नव्याने क्लोन केलं. स्टेटस स्वच्छ.

तरीही तिसरीच्या फोल्डरमध्ये 'तिसऱ्या' नावाच्या दोन फाइली उरल्या. पुन्हा आकडे काढले. यावेळी साधा र, मग हलन्त, आणि मग ३४२ २०० २१५. हा शून्य रुंदीचा जोडक, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. आडवा र लिहायची ही जुनी रीत, युनिकोडने मागच्या आवृत्त्यांशी जुळावं म्हणून चालू ठेवलेली. ती फाइल जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरातून आली होती. गंमत म्हणजे हे रूप आणि ०९३१ वालं रूप युनिकोडच्या लेखी समान नाहीत. जोडा, फोडा, काहीही करा, ती दोन वेगळी नावंच राहतात. ती फाइल हाताने बदलली.

हा न दिसणारा जोडक गिटच्या इतिहासात एकदा चांगलाच गाजलाय. एचएफएस प्लस नावं ताडताना अशी चिन्हं चक्क दुर्लक्षायची. म्हणजे डॉट-गिट या नावात मध्येच असलं चिन्ह खुपसलेला फोल्डर कोणी रेपोत ठेवला, तर गिटला ते वेगळं नाव वाटायचं आणि मॅकला मात्र खुद्द गिटचाच अंतर्गत फोल्डर. त्यातून क्लोन करणाऱ्याच्या मशीनवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. डिसेंबर २०१४ मध्ये २.२.१ आवृत्तीत हे भोक बुजवलं, आणि जुन्या आवृत्त्यांनाही त्याच वेळी ठिगळं लावली. ज्युनियरला हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "मग आपण नावं इंग्रजीतच ठेवूया ना, ताई?"

बाई कॉलवर होत्या. "मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "तपासनीस ठेवा."

तपासनीस ठेवला. आता कमिटच्या आधी एक हुक, म्हणजे आपोआप चालणारी स्क्रिप्ट, चालतो. नाव जोडलेल्या रूपात नसेल किंवा त्यात तो अदृश्य जोडक असेल तर तो कमिट थांबवतो आणि कुठलं अक्षर, ते मराठीत सांगतो. संदेश बाईंनी लिहिलाय, त्यामुळे तो वाचून कळतो. हुक प्रत्येकाच्या मशीनवर असेलच असं नाही, म्हणून तीच तपासणी ॲप तयार करणाऱ्या बिल्ड सर्व्हरवरही. रेपोच्या वाचा-मला फाइलीत लक्षणांपासून सुरू होणारं एक पान टाकलंय: 'फाइल टाकलेली असूनही अनट्रॅक्ड दिसते का?' गिटच्या उताऱ्यात घालण्यासाठी चार वाक्यांचा पॅचही, म्हणजे बदलाचा प्रस्तावही, लिहायला घेतलाय. तिथे पॅच ईमेलने जातो, खाली स्वतःच्या सहीची ओळ लागते, आणि कमिटच्या संदेशात 'का' ते नीट सांगावं लागतं. वाक्यं चारच, पण तो 'का' लिहिताना दमछाक होतेय.

ब्रांचच्या, म्हणजे मुख्य कामापासून वेगळ्या काढलेल्या फांद्यांच्या, नावांचं मात्र बाकी आहे. साध्या पद्धतीत ब्रांच म्हणजे गिटच्या अंतर्गत फोल्डरमधली एक फाइलच, त्यामुळे 'दुसऱ्या-सत्राचे-बदल' नावाच्या ब्रांचलाही हेच दुखणं जडू शकतं. २०२४ मध्ये २.४५ आवृत्तीत रेफटेबल नावाची साठवण आली. तीत ब्रांचची नावं फाइलींच्या नावांवर अवलंबून राहत नाहीत. आमच्या बिल्ड सर्व्हरवरचं गिट त्याहून जुनं आहे. ते बदलायला सिस्टिमवाल्यांना विनंती पाठवली, त्यांनी कारण विचारलं, आणि मी लिहिलं, 'ऱ'. त्यांनी परत विचारलं, टाइप करताना काही राहिलं का?